रस्ता कोणाचा, खर्च कोणाचा, मत कोणाचे? मुंबईच्या करदात्यांची चळवळ (१८६५ ते १८७३)

१.
२९ नोव्हेंबर १८७१. मुंबईत धोबी तलावाजवळच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये सभा भरली होती. विषय होता नगरपालिकेच्या कारभाराची सुधारणा, म्हणजेच रस्ते, गटारे, पाणी, दिवे आणि त्यांवर झालेला खर्च. व्यासपीठावर उभ्या असलेल्या बॅरिस्टरचे वय अवघे २६ वर्षांचे. ज्या अधिकाऱ्यावर सारे शहर संतापले होते, त्याच्या कामाची तो बाजू घेत होता. श्रोत्यांना ते रुचले नाही. त्या तरुणाचे नाव फिरोजशहा मेहता. मुंबईतील निवडणुकीच्या हक्काची कथा या घरपट्टीच्या भांडणातून सुरू होते. (धागा)

२.
सभेची जागाही या कथेतलीच आहे. शेजारचा तलाव फ्रामजी कावसजी बनाजी यांनी १८३९ च्या सुमारास स्वखर्चाने सिद्ध केला होता. गिरगावातील मुगभाटच्या विहिरींचे पाणी त्यात आणले गेले. त्या काळी मुंबईतील पाण्याची सोय बहुतांशी अशीच होत असे. धनिकाने तलाव बांधावा, विहीर खोदावी आणि लोकांनी त्याचे नाव घ्यावे. सी. पी. टँक हे नाव आजही कावसजी पटेल यांची आठवण जपते. सोय दानातून मिळत असे, म्हणून हिशेब मागण्याचा प्रश्नच उद्भवत नसे.

३.
दानाची ही व्यवस्था शहर वाढले तशी अपुरी पडली. १८५० च्या दशकाच्या मध्यास पाऊस रुसला आणि विहिरी आटल्या. गुरे शहरापासून दूर हलवावी लागली, पाणी बाहेरून आणावे लागले. तेव्हा अभियंता हेन्री कॉनिबेअर याच्या योजनेप्रमाणे साष्टी बेटावर मिठी नदीच्या खोऱ्यात विहार तलाव बांधण्याचे ठरले. १८५६ मध्ये काम सुरू झाले आणि १८६० मध्ये विहारचे पाणी नळांनी मुंबईत आले. काम सरकारने केले, पण त्याचा भार अखेर शहराच्या तिजोरीवर पडणार होता. दानाची जागा आता कर्ज आणि कर घेणार होते.

४.
येथे एक तांत्रिक गोष्ट समजून घ्यावी लागते. नळाने पाणी आले की ते वापरून कोठेतरी वाहून जावे लागते. विहारचे पाणी आले, पण सांडपाण्याची व्यवस्था जुनीच राहिली. मुंबईचे अनेक सखल भाग भरतीच्या पाण्याच्या पातळीहून खाली होते. भरतीच्या वेळी गटारांचे तोंड बंद ठेवावे लागे आणि पाणी तुंबून राही. त्यामुळे पाण्याच्या सोयीनेच चिखल, दुर्गंधी आणि रोगराई यांना नवे निमित्त मिळाले. एका सुधारणेचा खर्च दुसऱ्या सुधारणेचा खर्च मागतो, हे मुंबईला प्रथम येथे उमगले.

५.
रस्त्यांचेही तसेच. खडी आणि मुरूम दाबून केलेला रस्ता एकदा केला म्हणजे झाले, असे होत नाही. बैलगाड्यांची लोखंडी धाव त्याला दळून काढते, उन्हाळ्यात धूळ उडते आणि पावसाळ्यात खडी उघडी पडते. दरवर्षी दुरुस्ती, उन्हाळ्यात पाणी मारणे आणि बाजूचे गटार साफ ठेवणे ही कामे चुकत नाहीत. रस्ता बांधण्याचा खर्च डोळ्यांत भरतो, राखण्याचा खर्च मात्र वर्षानुवर्षे कराच्या रूपाने मुकाट्याने वसूल होत राहतो.

६.
हे सारे वाढत होते ते एका अभूतपूर्व भरभराटीच्या काळात. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात पैशाचा पूर लोटला. किल्ल्याच्या भिंती पाडण्याचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर याने ठरवले आणि नव्या रस्त्यांना जागा मोकळी झाली. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. एवढ्या माणसांना सामावणारे रस्ते, मोऱ्या आणि नळ शहरापाशी नव्हते.

७.
तोवर नगरपालिकेचा कारभार १८५८ च्या कायद्याने नेमलेल्या तीन कमिशनरांकडे होता. तिघांत जबाबदारी वाटली गेली की ती कोणाचीच राहत नाही, हा अनुभव लवकरच आला. म्हणून १८६५ च्या कायद्याने रचना बदलली. सरकारने नेमलेले ‘जस्टिस ऑफ द पीस’ ही नगरपालिकेची अधिकृत संस्था ठरली, आणि प्रत्यक्ष कारभाराची सारी सूत्रे एकाच म्युनिसिपल कमिशनरच्या हाती आली. पहिला कमिशनर होता आर्थर क्रॉफर्ड. आरोग्य अधिकारी म्हणून डॉ. ह्यूलेट त्याच्या जोडीला आला.

८.
योग मात्र विलक्षण होता. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ रोजी वायद्याचे सौदे फेडण्याची वेळ येताच मुंबईतील मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. भूभरणीच्या कंपन्यांचे शेअर कागदाच्या मोलाचे झाले. क्रॉफर्डने कारभार हाती घेतला तो याच जुलै महिन्यात. शहर सुधारण्याचा सर्वांत महत्त्वाकांक्षी कार्यक्रम आणि शहराचे सर्वांत मोठे दिवाळे एकाच वेळी सुरू झाले. पुढच्या भांडणाचे मूळ येथे आहे.

९.
क्रॉफर्डने थांबणे पसंत केले नाही. रस्ते रुंद केले, खडीचे पक्के रस्ते वाढवले, मोऱ्या साफ करवल्या, उकिरड्यांनी व्यापलेल्या जागा मोकळ्या केल्या. कत्तलखाना दाट वस्तीतून हलवून वांद्र्याला नेला. ऑक्टोबर १८६५ मध्ये मुंबईच्या काही रस्त्यांवर गॅसचे दिवे प्रथम उजळले. मैला वाहून नेण्याचे काम नगरपालिकेच्या देखरेखीखाली आणून त्यासाठी ‘हलालखोर कर’ बसवला गेला. ज्यांच्या डोक्यावरील टोपल्यांवर शहराची स्वच्छता उभी होती, त्या हलालखोरांचे नाव कराला मिळाले. कारभारात त्यांना स्थान मात्र नव्हते.

१०.
या काळाची सर्वांत ठसठशीत खूण म्हणजे १८६९ मध्ये पूर्ण झालेली क्रॉफर्ड मार्केटची इमारत. रचना विल्यम एमर्सनची, दर्शनी भागावरील शिल्पे लॉकवुड किपलिंगची. आतील फरसबंदीसाठी स्कॉटलंडमधील केथनेसचा दगड आणला गेला. समर्थक म्हणत, भाजी, फळे आणि मांस स्वच्छ जागी विकले जाईल तर रोग आटोक्यात येतील. विरोधक विचारत, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या शहराने फरशीचा दगड समुद्रापलीकडून का आणावा? दोन्ही प्रश्न रास्त होते.

११.
आता पैशाकडे वळू. नगरपालिकेच्या उत्पन्नाचा मोठा भाग घरांच्या वार्षिक भाडेमूल्यावरील पट्टीतून येई. त्याशिवाय पाण्याचा आकार, गाड्याघोड्यांवरील कर आणि शहरात येणाऱ्या मालावरील जकात होती. तेजीच्या काळात भाडी आकाशाला भिडली होती. मंदी आली, भाडेकरू गेले, घरे ओस पडली. १८७२ च्या शिरगणतीत लोकसंख्या ६,४४,४०५ वर आली होती. माणसे कमी झाली, भाडी उतरली. पण आखलेल्या कामांचा आणि घेतलेल्या कर्जाचा भार उतरला नाही.

१२.
घरमालकाच्या दृष्टीने हिशेब असा होता. उत्पन्न घटले, पट्टी वाढली, आणि ती कोणत्या दराने का वाढली हे विचारण्याचे ठिकाण नाही. गल्लीसमोरचा रस्ता सुधारला हे खरे, पण त्याची किंमत आपल्याला परवडते का, हे त्याला कोणी विचारले नव्हते. सोय हवी होती. ती कोणत्या क्रमाने, किती वेगाने आणि कोणाच्या संमतीने व्हावी, याबद्दल मतभेद होता. सुधारणेला विरोध करणारे मागासलेले आणि तिचा आग्रह धरणारे दूरदर्शी, अशी सरळ विभागणी येथे करता येत नाही.

१३.
कायद्याने क्रॉफर्डवर देखरेख ठेवण्याचे काम जस्टिसांचे होते. पण हे जस्टिस करदात्यांनी निवडलेले नव्हते, सरकारने मानाने नेमलेले होते. खर्च करून झाल्यावर मंजुरी मागितली जाई, अंदाजपत्रकाबाहेर रकमा जात, आणि मंडळाला वेळीच आवर घालता येत नसे. १८७१ च्या मध्यास जस्टिसांच्याच बैठकीत जेम्स फोर्ब्स यांनी कारभाराच्या फेररचनेचा ठराव मांडला आणि साचलेला असंतोष उघड झाला. क्रॉफर्डला जावे लागणार, हे दिसू लागले.

१४.
सभागृहाबाहेर करदाते संघटित झाले होते. त्यांच्या अग्रभागी नौरोजी फर्दुनजी होते, जुन्या पिढीतले अनुभवी आणि निर्भीड सार्वजनिक कार्यकर्ते. या चळवळीत पारशी होते, हिंदू आणि मुसलमान व्यापारी होते, इंग्रजही होते. धर्म किंवा जात यापेक्षा घरपट्टीची पावती हे त्यांना जोडणारे सूत्र होते. मुंबईच्या सार्वजनिक जीवनात इतक्या निरनिराळ्या समाजांतील लोक रस्त्यागटारांच्या हिशेबासाठी एकत्र यावेत, ही त्या काळची लक्षणीय घटना होय.

१५.
करदात्यांच्या नेत्यांपैकी अनेकांना वाटे की रोगाचे मूळ एका माणसाच्या हाती एकवटलेल्या सत्तेत आहे. ती काढून एखाद्या समितीकडे द्यावी म्हणजे उधळपट्टी थांबेल. वरवर पाहता हे लोकशाहीला धरूनच वाटते. मेहता यांचा आक्षेप नेमका येथे होता. समितीने कारभार चालवण्याचा प्रयोग १८५८ नंतर होऊन गेला होता आणि तो फसला होता. गटार तुंबले तर जाब कोणाला विचारायचा, याचे उत्तर समिती देऊ शकत नाही.

१६.
मेहता यांनी दोन प्रश्न वेगळे केले. काम कोण करील, हा पहिला. कामावर आणि पैशावर नजर कोण ठेवील, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर त्यांच्या मते एकच जबाबदार अधिकारी हे होते. क्रॉफर्डच्या कारकिर्दीत शहर अधिक स्वच्छ आणि निरोगी झाले, हे त्यांनी आवर्जून सांगितले. दोष दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात होता. नजर ठेवणारे जस्टिस ज्यांचा पैसा खर्च होत होता त्यांना बांधील नव्हते. म्हणून उपाय एकच: करदात्यांनी निवडलेले मंडळ आणि हिशेबाची स्वतंत्र तपासणी.

१७.
सभेतील लोकांना यातील पहिला भागच ऐकू आला. क्रॉफर्डची बाजू घेणारा तरुण वकील, अशी मेहता यांची प्रतिमा झाली आणि त्यांना बराच रोष पत्करावा लागला. पण सूक्ष्म विचार केला तर त्या सभेत सर्वांत पुढची मागणी त्यांनीच केली होती. इतरांना खर्च कमी हवा होता. मेहता खर्च ठरवण्याचा अधिकार मागत होते. कमी केलेली पट्टी पुन्हा वाढवता येते. एकदा मिळालेला निवडणुकीचा हक्क सहजासहजी काढून घेता येत नाही.

१८.
१८७२ च्या कायद्याने या दिशेने पाऊल टाकले. महामंडळाचे ६४ सभासद ठरले. त्यांपैकी ३२ करदात्यांनी निवडायचे, १६ जस्टिसांनी निवडायचे आणि १६ सरकारने नेमायचे. पैशाच्या व्यवहारावर लक्ष ठेवण्यासाठी १२ जणांची टाऊन कौन्सिल आली. कमिशनरचे पद राहिले, पण त्याच्या हातातील थैलीला दोरी लागली. १८७३ मध्ये नव्या मंडळाचे कामकाज सुरू झाले. मेहता यांनी मांडलेल्या आराखड्याशी या रचनेचे साम्य उघड आहे. पुढे १८८८ चा कायदा याच पायावर उभा राहिला. त्यात सभासद ७२ झाले.

१९.
हा विजय होता, पण कोणाचा? मत मिळाले ते वर्षाला किमान ५० रुपये पट्टी भरणाऱ्याला. समजा, पट्टी भाडेमूल्याच्या १० टक्के धरली, तर ५०० रुपये वार्षिक भाड्याची मालमत्ता हवी. गिरणीत राबणाऱ्या माणसाच्या दृष्टीने नुसते ५० रुपये म्हणजे कित्येक महिन्यांची मजुरी. लाखोंच्या शहरात मतदार मूठभर होते. खोलीचे भाडे देणारा भाडेकरू त्यांत नव्हता, बंदरावरचा हमाल नव्हता, हलालखोर नव्हता.

२०.
कर मात्र तेही भरत होते. मालकाने भरलेली पट्टी भाड्यात मिसळून भाडेकरूकडून वसूल होई. शहरात येणाऱ्या धान्यावर आणि सरपणावर जकात होती. ती चूल पेटवणाऱ्या प्रत्येक घराने दिली. फरक इतकाच की त्यांच्या कराची पावती त्यांच्या नावाने फाटत नव्हती. ज्याच्या हाती पावती त्याच्या हाती मत, या न्यायाने शहराचा मोठा भाग खर्चात धरला गेला आणि निर्णयातून वगळला गेला.

२१.
याचे परिणाम रस्त्यांवर दिसले. घरमालकांचे प्राबल्य असलेल्या मंडळाला पट्टी वाढवणे जड जाई. तुळशीचे पाणी १८७९ मध्ये आणि तानसाचे १८९२ मध्ये आले, कारण पाण्याची टंचाई मालकालाही सोसत नव्हती. भुयारी गटारांचे काम मात्र वर्षानुवर्षे चर्चेत, अहवालांत आणि टप्प्याटप्प्यांत रेंगाळले. दाट वस्तीतील गल्ल्यांची पाळी शेवटी येई. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचा रोगी आढळला आणि वाचवलेल्या खर्चाची किंमत शहराला कळली. १८९८ मध्ये सुधारणा ट्रस्ट स्थापून जुन्या वस्त्या फोडून रस्ते काढावे लागले.

२२.
याच काळात पुण्यात निराळ्या अंगाने हाच प्रश्न विचारला जात होता. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. नव्या मंडईच्या भव्य इमारतीवर मोठी रक्कम घालण्यास त्यांनी विरोध केला. तो पैसा शिक्षणाकडे वळवावा, अशी त्यांची भूमिका होती. इमारत झाली आणि १८८६ मध्ये रे मार्केट म्हणून उघडली. मुंबईच्या करदात्यांनी ‘किती खर्च?’ असे विचारले होते. फुले विचारत होते, ‘कोणासाठी खर्च?’ पट्टीच्या पावतीवर ज्यांचे नाव नाही, त्यांच्या वतीने तो प्रश्न होता.

२३.
क्रॉफर्डचा पुढचा इतिहास महाराष्ट्राला परिचित आहे. १८८८ मध्ये मध्य विभागाचा कमिशनर असताना त्याच्यावर लाचखोरीचे आरोप झाले, चौकशी समिती बसली. लाचेचे आरोप समितीने सिद्ध मानले नाहीत, पण कर्ज घेण्याबाबतचे नियम मोडल्याबद्दल त्याला नोकरी गमवावी लागली. साक्ष देणाऱ्या मामलेदारांच्या बाजूने टिळकांनी आवाज उठवला. या प्रकरणाच्या प्रकाशात १८७१ चा वाद वाचण्याचा मोह होतो. तो टाळावा. मेहता यांचा मुद्दा माणसाच्या चारित्र्यावर टेकलेला नव्हता. अधिकारी कसाही असो, हिशेब मागणारा निवडून आलेला हवा, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

२४.
मताची कक्षा हळूहळू रुंदावली. १९२२ च्या कायद्याने महिना १० रुपये भाडे देणाऱ्या भाडेकरूला मत मिळाले. प्रौढ मताधिकारावर महापालिकेची निवडणूक झाली ती १९४८ मध्ये. फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमधील त्या सभेनंतर ७७ वर्षांनी. चाळीतील बिऱ्हाडाने रस्त्याचा खर्च पहिल्या दिवसापासून उचलला होता. त्यावर बोलण्याचा हक्क त्याला तीन पिढ्यांनंतर मिळाला.

२५.
आज महापालिकेच्या मुख्य इमारतीसमोर फिरोजशहा मेहता यांचा पुतळा उभा आहे. तेथून थोड्या अंतरावर क्रॉफर्डने उभारलेली मंडई आहे. तिचे अधिकृत नाव आता महात्मा जोतिबा फुले मंडई. पुण्याच्या ज्या मंडईच्या खर्चाला फुले यांनी विरोध केला, तीही आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. एकाने कर भरणाऱ्यासाठी मत मागितले. दुसऱ्याने कराचा पैसा कोणाच्या उपयोगी पडतो हे विचारले. गल्लीत रस्ता खोदला जातो तेव्हा हे दोन्ही प्रश्न आजही एकत्रच विचारावे लागतात. (समाप्त)